जगले म्हणून औषध मिळाले, की औषधामुळे जगले?

धागाकर्ता, रावेर:
‘वर्षभर सलग औषध घेणारे रुग्ण न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले’ असा निष्कर्ष जुन्या नोंदींवरून काढलेला दिसला, की दिवस मोजायला सुरुवात कधीपासून केली, हे मी आधी पाहतो. वर्षभर औषध घेण्यासाठी वर्षभर जिवंत राहावेच लागते. चौथ्या महिन्यात दगावलेला रुग्ण आपोआप ‘न घेणाऱ्यां’त जाऊन बसतो. आमच्या केळीबागेतही, घडाला स्कर्टिंग बॅग (घड झाकणारी पिशवी) घातलेली आणि न घातलेली झाडे लागवडीपासून मोजली, तर बॅगेमुळेच झाड टिकते असे दिसेल. वास्तविक जे झाड निसवण्यापूर्वीच, म्हणजे घड बाहेर पडण्याआधीच, वादळात मोडले, त्याला बॅग मिळण्याचा प्रश्नच नव्हता. या हमखास जिवंत असलेल्या काळाला संशोधक ‘अमर काळ’ म्हणतात. ऑस्कर विजेते इतर कलाकारांपेक्षा 3.9 वर्षे जास्त जगतात, असे 2001 साली प्रसिद्ध झाले होते; पुरस्कारापूर्वीची वर्षे विजेत्यांच्या खात्यातून काढल्यावर, 2006 च्या फेरमांडणीत, फरक सुमारे एका वर्षावर आला आणि तोही योगायोगाचा असू शकत होता. म्हणून केवळ नोंदींवरचे निष्कर्ष रुग्णापुढे पुरावा म्हणून ठेवू नयेत.

प्रतिसाद, धुळे:
दोष मान्य, पण मागणी अमान्य. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांसाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडणारी चाचणी होईपर्यंत थांबायचे काय? धूम्रपानाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंधही कोणाला विडी ओढायला लावून सिद्ध झालेला नाही.

धागाकर्ता:
‘केवळ नोंदी’ असे मी सरसकट लिहिले, ते मागे घेतो. पण आपलेच उदाहरण पाहा: डॉल आणि हिल या संशोधकांनी 1951 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांची धूम्रपानाची सवय आधी विचारून घेतली आणि मृत्यू त्यानंतर मोजले. आपल्याकडेही औषध सुरू होईपर्यंतचे दिवस ‘विनाऔषध’ खात्यात आणि पुढचे ‘औषध’ खात्यात धरले, तर हा दोष निघतो.

प्रतिसाद, धुळे:
पूर्ण हिशेब तरीही जुळत नाही, कारण पावसाळ्यात पाड्यावरून केंद्रापर्यंत चालत येऊ शकणारा रुग्ण मुळातच धडधाकट असतो. शिवाय अनेक नोंदवह्यांत औषध दिल्याची फक्त खूण असते, सुरुवातीची तारीख नसते. तेव्हा काय करायचे?

धागाकर्ता:
तारीख नसेल, तर त्या वहीवरून आयुष्य वाढल्याचा दावा करू नये; औषध किती जणांपर्यंत पोहोचले, एवढेच सांगावे. आणि पुढच्या वहीत तारखेचा रकाना आजच आखावा.