केजन बुदॅन: कुठे खाल्लंत, कसं खाल्लंत?

माळरान:

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला गाडीने जाणारी आपली मंडळी दक्षिण लुइझियानातल्या लाफायेटच्या आसपास गॅस भरतात आणि पुढे सुटतात. मला दरवेळी हळहळ वाटते, कारण बुदॅनचा खरा मुलूख न्यू ऑर्लिन्स नव्हे, हाच. लाफायेट, स्कॉट, युनिस, मामू, जेनिंग्ज, ब्रो ब्रिज.

ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी: शिजवलेलं डुकराचं मांस, थोडी कलेजी, भरपूर भात, कांदा, कांद्याची पात, पार्स्ली आणि लाल तिखट असं सारण डुकराच्या आतड्यात भरून वाफवतात. १७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून हाकललेले फ्रेंच भाषक अकेडियन पुढे दक्षिण लुइझियानात वसले, केजन हे त्यांचे वंशज. थंडीच्या दिवसांत शेजारीपाजारी जमून डुक्कर कापायचे, त्याला बूशेरी म्हणतात. फ्रिज नव्हते, त्यामुळे मांस लगेच मार्गी लावावं लागे. कलेजी आणि उरलेले तुकडे भातात मिसळून बुदॅन व्हायचं. भात पुरवठ्याला यावा म्हणून घातला गेला, आणि आज तोच या पदार्थाचा जीव आहे.

तुमचे अनुभव लिहा. दुकानाचं नाव, तिथेच गरम खाल्लं की घरी नेलं, कलेजी किती जाणवली, सगळं हवंय.

वऱ्हाडी_पाहुणा:

मी बॅटन रूजला शिकायला होतो. लॅबमधला मित्र मूळचा युनिसचा. त्याने पहिल्यांदा नेलं ते स्कॉटच्या 'बेस्ट स्टॉप'ला. बाहेरून साधं किराणा दुकान. सकाळची वेळ, कामावर निघालेले लोक रांगेत, आणि प्रत्येकाच्या हातात कागदात गुंडाळलेलं गरम बुदॅन. तिकडे हा न्याहारीचा पदार्थ आहे हे मला तेव्हा कळलं.

खायची रीत त्याने दाखवली. काटा-सुरी नाही. एक टोक तोंडात धरायचं आणि दातांनी सारण ओढून घ्यायचं, आवरण हातात राहतं. वाफवलेल्या बुदॅनचं आवरण चिवट असतं, बरेच जण ते टाकून देतात. पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून आम्ही खाल्लं. पहिल्या घासाला कांद्याची पात, मग मांसाचा रस मुरलेला भात, आणि गिळल्यावर मागाहून येणारं तिखट. घर सोडल्यापासून गरम भाताने इतकं समाधान मला कुठे दिलं नव्हतं.

स्कॉटला २०१२ मध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने 'जगाची बुदॅन राजधानी' हा मान दिला. महामार्गावरून उतरलं की 'बेस्ट स्टॉप', 'बिलीज', 'डॉन्स' सगळी जवळजवळ आहेत. माझा आग्रह: एकाच दुकानात पोट भरू नका. प्रत्येकाकडून एकेक घ्या आणि लागोपाठ खा. फरक तेव्हाच कळतो.

वसईची_मावशी:

माळरान ताई, धागा काढलात, फार बरं वाटलं. आमच्या घरी डुकराचं मांस नवीन नाही, गोव्याचा चोरीस तर लहानपणापासूनचा. त्यामुळे लेकीकडे लाफायेटला गेले तेव्हा तोच स्वाद मनात धरून होते. हे वेगळंच निघालं. चोरीस मीठ-व्हिनेगर-मिरचीत मुरलेला, वाळवलेला, टिकणारा. बुदॅन ताजं, ओलसर, आंबटपणा अजिबात नाही.

मला 'जॉन्सन्स बुकॅनिएर'चं आवडलं. युनिसमधल्या १९३७ सालच्या जॉन्सन्स ग्रोसरीचंच हे घराणं. धुरावलेलं बुदॅनही तिथेच खाल्लं. त्याचं आवरण ताणलेलं, कुरकुरीत होतं, ते मात्र मी टाकलं नाही. कलेजीचा कडवटपणा ज्यांना सोसत नाही त्यांनी काउंटरवर सरळ विचारावं, कलेजी जास्त की कमी. कोणी रागावत नाही, उलट हौसेने सांगतात. मला स्वतःला कलेजी ठसठशीत हवी. तिच्याशिवाय ते बुदॅन नुसता मसालेभात.

दोन_डबे:

मुलं बरोबर असतील तर बुदॅन बॉल्स. तेच सारण गोळे करून, ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेलं. 'बिलीज'मध्ये आत पेपर जॅक, म्हणजे मिरचीचं चीज घातलेले मिळतात. शेजारीच क्रॅकलिन्स असतात, डुकराची चरबी-कातडी तळून मसाला लावलेली. थोडेच घ्या, फार जड.

समुद्रकाठ:

आमच्याकडे नवरा डुक्कर खात नाही, म्हणून मी क्रॉफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव) घातलेलं बुदॅन शोधलं. चव सुरेख, विशेषतः हंगामात. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी कॅथलिक लोक मांस टाळतात, तेव्हा याला मागणी असते. पण धार्मिक कारणाने डुक्कर वर्ज्य असेल तर नीट चौकशी करा: आत क्रॉफिश असलं तरी आवरण बहुधा डुकराच्या आतड्याचंच असतं. आम्ही सारण बाहेर काढून खाण्याचाही विचार सोडला. नवऱ्याने एतुफे (क्रॉफिशचा दाट रस्सा) आणि भात खाल्ला आणि तोही खूश झाला.

माळरान:

@समुद्रकाठ, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं. रक्त घातलेलं लाल बुदॅन कोणी खाल्लंय का?

वऱ्हाडी_पाहुणा:

ब्रो ब्रिजला, 'बाबिनोज'मध्ये. तपासणी झालेल्या कत्तलखान्याचंच रक्त वापरावं लागतं, म्हणून फार कमी ठिकाणी विकलं जातं. गडद, दाट, नेहमीच्या बिनरक्ताच्या 'पांढऱ्या' बुदॅनपेक्षा सौम्य. कलेजी-रक्ती खाणाऱ्यांना नक्की आवडेल.

चुलीपाशी:

आता आम्ही टेक्सासच्या उत्तरेला राहतो, ताजं मिळत नाही. घरी करतो. डुकराच्या खांद्याचं मांस आणि कलेजी, कांदा, सेलरी, ढबू मिरची घालून मांस सुटेपर्यंत शिजवायचं. ते पाणी जपून ठेवायचं, सगळी चव त्यात. मांस जाडसर दळायचं, मोकळा भात, कांद्याची पात, पार्स्ली, मीठ, मिरपूड, केयेन (तिकडचं लाल तिखट) मिसळायचं आणि ते पाणी घालत राहायचं. सारण हवं त्यापेक्षा ओलं वाटलं पाहिजे, भात नंतर पाणी पितो. बासमती घेऊ नका. लुइझियानातला मध्यम दाण्याचा तांदूळ थोडा चिकट असतो, सारण धरून ठेवतो.

सगळं आधीच शिजलेलं असल्यामुळे भरण्यापूर्वी चव घेऊन तिखट-मीठ बेताचं करता येतं, कच्च्या मांसाच्या सॉसेजमध्ये हे सुख नाही. आवरण गच्च भरू नका. भरलेलं बुदॅन गरम पाण्यात सोडलं की पाणी खळखळ उकळू देऊ नका, आवरण फुटतं. आवरण मिळालं नाही तर सारण नुसतं वाडग्यात घेऊन खा, आम्ही अर्धं तसंच संपवतो.

वसईची_मावशी:

भात घालण्याआधी पूर्ण गार करता का?

चुलीपाशी:

नाही मावशी, कोमटच. गार भात रस ओढत नाही.

दोन_डबे:

आणखी एक. दुकानांतून व्हॅक्यूम पॅक केलेलं गार बुदॅन मिळतं, येताना बर्फाची पेटी ठेवा गाडीत. घरी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, आवरण फाटतं आणि भात कडक होतो. मोदकपात्रात मंद वाफेवर ठेवलं की मधोमध गरम होतं. फ्रीजरमधलं असेल तर आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा.