मदत हवी आहे : बागेच्या वाटेसाठी पाच दारांची गुरखा घ्यावी का?

सड्यावरचा :

आमचे घर गुहागर तालुक्यात, खाडीपासून जवळच असलेल्या एका वाडीत आहे आणि हापूसची बाग सड्याच्या (कातळी पठाराच्या) पलीकडच्या उतारावर आहे. डांबरी रस्ता सड्यावर संपतो. तिथून बागेपर्यंतची वाट निम्मी जांभ्याच्या कातळावरून आणि निम्मी तांबड्या मातीतून खाली उतरते व मध्ये एक पऱ्या (पावसाळी ओढा) ओलांडावा लागतो. उन्हाळ्यात ही वाट कोणतीही उंच गाडी पार करते. पण जूनपासून कातळावर शेवाळ चढते, मातीत चर पडतात आणि झाडांची निगा राखायला पायी जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. घरात आम्ही सहा जण आहोत, त्यांपैकी आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यामुळे सर्वांना बसवून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला नेणारी आणि पावसाळ्यात बागेत उतरून पुन्हा वर येणारी, अशी एकच गाडी घेण्याचा विचार आहे.

मे २०२४ मध्ये फोर्स मोटर्सने पाच दारांची गुरखा ही एसयूव्ही बाजारात आणली, तेव्हापासून ती डोक्यात बसली आहे. दाखल होताना तिची एक्स-शोरूम किंमत १८ लाख रुपये होती. २५९६ सीसीचे डिझेल इंजिन १४० पीएस शक्ती आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क देते. आधीच्या गुरखाचे आकडे ९१ पीएस आणि २५० न्यूटन-मीटर होते, हे लक्षात घेता वाढ किरकोळ म्हणता येणार नाही. गिअरबॉक्स पाच गिअरचा, फक्त मॅन्युअल. लांबी ४३९० मिमी, रुंदी १८६५, उंची २०९५, व्हीलबेस २८२५ आणि ग्राउंड क्लिअरन्स २३३ मिमी. पुढच्या व मागच्या, दोन्ही डिफरन्शियलना (ॲक्सलवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचांना) लॉक आहे आणि दोन चाकांवरून चार चाकांवर जाण्यासाठी आता दांड्याऐवजी फिरवायची कळ दिली आहे. पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनी ७०० मिमी सांगते व स्नॉर्केल (इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी) गाडीसोबतच मिळतो. आसने सात आहेत : पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन स्वतंत्र.

माझ्या शंका अशा आहेत. पऱ्याला पाणी असताना ७०० मिमी या आकड्यावर कितपत विसंबावे? दोन्ही लॉक असण्याचा आमच्यासारख्या वाटेवर खरोखर उपयोग होतो, की एक मागचा लॉक पुरेसा असतो? याच किमतीच्या आसपास महिंद्राची थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर (चारही चाकांना शक्ती देणारी) उपलब्ध असताना गुरखा घेणे शहाणपणाचे ठरेल का? जाणकारांनी, विशेषतः कोकणातच गाडी चालवणाऱ्यांनी, कृपया मार्गदर्शन करावे.

कुंभार्लीकर :

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण तिथेच जिवाला धोका आहे. ७०० मिमी हा आकडा संथ पाण्यातून, पक्क्या तळावरून, चालण्याच्या वेगाने जाण्यासाठी असतो. स्नॉर्केलमुळे इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरत नाही, एवढेच त्याचे काम. पाण्याचा लोंढा गाडीला आडवा ढकलतो, त्यावर स्नॉर्केलचा काहीही इलाज नाही. वाहते पाणी दोन फूट खोल असेल, तर ते मोठ्या एसयूव्हीलाही वाहून नेऊ शकते, म्हणजे ६०० मिमीच्या आसपासच, जे कंपनीच्या मर्यादेपेक्षा कमी आहे. गाडी जितकी पाण्यात बुडते तितके पाणी तिला वर उचलते आणि टायरची पकड कमी होते. आपल्याकडचा पऱ्या सड्यावर जोराची सर आली की अर्ध्या तासात चढतो. त्यामुळे पाणी गुडघ्याच्या वर आणि वाहते असेल तर गाडी कोणतीही असो, अलीकडेच थांबावे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पाण्यातून वारंवार गेल्यास दोन्ही डिफरन्शियलमधील तेल तपासून घेत जा. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरच्या (ॲक्सलमधील हवा ये-जा करण्याच्या) नळीतून पाणी ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर ते तत्काळ बदलावे लागते.

आता लॉकविषयी. एक चाक चरात आणि दुसरे कातळावर, अशी तिरकी अवस्था तुमच्या वाटेवर नेहमी येत असणार. साध्या डिफरन्शियलमध्ये हवेत लटकलेले चाक नुसते गरगरते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ राहते. लॉक केल्यावर एकाच ॲक्सलवरची दोन्ही चाके सारख्याच गतीने फिरतात, त्यामुळे पकड असलेले चाक गाडी ओढून काढते. ओल्या चढावर भार मागे सरकतो, म्हणून शंभरातील बहुतेक प्रसंगी मागचा लॉक पुरतो. पुढचा लॉक लावल्यावर स्टिअरिंग जड होते व गाडी सरळ जायला पाहते. गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) अरुंद वळणावर तो त्रासच देईल. तरीही तो असावा, असे माझे मत आहे, कारण उतारावर अडकलेली गाडी काढायला आपल्याकडे ट्रॅक्टरही सहज पोहोचत नाही. शेवाळलेल्या कातळावर मात्र लॉकपेक्षा टायर आणि लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरची जोडणी) महत्त्वाची. उतरताना लो रेंजमध्ये पहिल्या गिअरवर गाडी इंजिनच्या धाकाने येऊ द्या, ब्रेक दाबून चाके घसरवू नका.

आणखी एक. या तिन्ही गाड्यांमध्ये मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर चार चाकांची जोडणी लावून वळणे घेतल्यास चाकांपर्यंत शक्ती नेणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. कुंभार्ली घाटात ती काढूनच ठेवावी.

खाडीपलीकडचा :

मी दाभोळच्या बाजूला राहतो आणि धोपाव्याच्या फेरीने तुमच्या तालुक्यात नेहमी येतो. माझा कल थोडा वेगळा आहे.

तुम्ही सहा जण आहात, त्यामुळे रॉक्स इथेच बाद होते. ती पाच जणांची गाडी आहे. अन्यथा ती फार तुल्यबळ ठरली असती : १५ ऑगस्ट २०२४ ला ती आली, व्हीलबेस २८५० मिमी, पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिमी, सहा एअरबॅग आणि भारत एनकॅप या धडक-चाचणीचे पाच तारे. फोर बाय फोर मात्र डिझेलमध्येच मिळते.

स्कॉर्पिओ-एन जून २०२२ मध्ये आली. तिच्या निवडक डिझेल श्रेणींत फोर बाय फोर आहे, इंजिन १७५ पीएसचे आहे, ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क ४०० न्यूटन-मीटर आहे आणि ग्लोबल एनकॅपमध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला पाच तारे मिळाले. गुरखात दोनच एअरबॅग आहेत. आई-वडिलांना घेऊन मुंबई-गोवा महामार्गाने प्रवास होणार असेल, तर हा फरक मला लॉकपेक्षा मोठा वाटतो. शिवाय गुरखाच्या शेवटच्या रांगेत मागच्या दारातून चढावे लागते. ज्येष्ठांना मधल्या रांगेत बसवाल हे खरे, पण तिथेही पायरी उंच आहे. आईंना शोरूममध्ये नेऊन प्रत्यक्ष चढवून पाहा.

गुरखाची एक बाजू मात्र कोणी सांगत नाही. तिचे २.६ लिटरचे इंजिन फोर्सच्याच ट्रॅव्हलरच्या घराण्यातले, म्हणजे मिनीबस आणि रुग्णवाहिकांत कोकणभर धावणारे. मूळ मर्सिडीजच्या आरेखनाचे. गावोगावच्या मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला आहे. (वडापच्या ट्रॅक्समध्ये (याच कंपनीच्या जीपमध्ये) दहा-बारा जण दाटीवाटीने बसून शाळा-कॉलेज केलेल्यांना हे घराणे चांगले परिचित आहे. बसण्याचे सुख हा तिचा गुण कधीच नव्हता, चालत राहणे हा होता.) आधुनिक इंजिनातील सेन्सर व इंजेक्टर मात्र अधिकृत केंद्रातच दाखवावे लागतील, म्हणून तुमच्या वाडीपासून ते केंद्र किती दूर आहे हे आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारून घ्या.

किमतीविषयी : १८ लाख हा आकडा दाखल होतानाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरील २८ टक्के जीएसटी व २२ टक्के उपकर जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हा ताजे दरपत्रक मागा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील डिझेल गाडीला दहा ते वीस लाखांपर्यंत १४ टक्के आणि वीस लाखांवर १५ टक्के वाहन कर बसतो. कंपनीच्या नावावर घेतल्यास २० टक्के.

सड्यावरचा :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पऱ्याबाबतचा मुद्दा पूर्ण पटला. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी अलीकडेच उभी करून साकवावरून पुढे चालत जाऊ. तसे केल्यास ७०० मिमीचे आकर्षण बरेच कमी होते आणि प्रश्न उतार व चरांचाच उरतो. स्कॉर्पिओ-एनचा मागचा मेकॅनिकल लॉक, म्हणजे चाक घसरू लागल्यावर आपोआप पकडणारा, आमच्या वाटेला पुरेल का, हे आता पाहायचे आहे. तिची रुंदी १९१७ मिमी असल्याने बागेच्या बेड्यातून (फाटकातून) ती आरसे मिटूनच जाईल, असे मोजल्यावर दिसते. गुरखा पाच सेंटिमीटरने अरुंद आहे आणि तेवढ्याने काम भागते.

वडिलांचे मत गुरखाकडे आहे, आईचे अर्थातच नाही. दोन्ही गाड्या सहा माणसांनिशी चढावर चालवून पाहू द्यायला विक्रेता तयार आहे का, हे उद्या विचारतो.

एक शंका राहिली. घर खाडीच्या वाऱ्यावर असल्यामुळे सध्याच्या गाडीचा सायलेन्सर आणि खालचे पत्रे गंजून गेले आहेत. नव्या गाडीला खालून गंजरोधक लेप बाहेर लावून घेतल्यास वॉरंटीला बाधा येते का, आणि चासीच्या पोकळ भागांत आतून मेणाचा फवारा मारणारे कोणी चिपळूण किंवा रत्नागिरीत आहे का?

कुंभार्लीकर :

लेप वितरकाकडूनच लावून घ्या आणि तो बिलावर लिहून घ्या, म्हणजे वॉरंटीचा वाद उद्भवणार नाही. लावताना पाणी निचऱ्याची भोके आणि ॲक्सलचे ब्रीदर बुजवले जात नाहीत ना, हे स्वतः उभे राहून पाहा. भोके बुजली तर खारट ओल आत साचते आणि चासी आतून सडते. पावसाळा संपल्यावर गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी, आणि काहीही झाले तरी पुळणीवर (समुद्राच्या वाळूवर) भरतीच्या रेषेजवळ नेऊ नये. पोकळ भागांत मेण मारणाऱ्याची चौकशी करून इथेच कळवतो.