शेपूट हलवतो आणि गुरगुरतोही. समजायचे काय?

वाटसरू_पेडणे
गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर एका शॅकपाशी (वाळूतली झोपडीवजा खानावळ) गावठी कुत्रा असतो. माणूस दिसला की शेपूट हलवतो, दोन पावले पुढे गेले की गुरगुरतो. शेपूट हलले म्हणजे खूश ना?

गावठीप्रेमी
नाही. हलणारे शेपूट एवढेच सांगते की कुत्रा चेतलाय. आनंदाने की रागाने, ते उंचीवरून आणि ताठपणावरून कळते. गावठीचे शेपूट मुळातच पाठीवर वळलेले (नळीत घातले तरी वाकडे राहणारे ते हेच), म्हणून नुसते 'वर आहे' यावरून काही ठरवू नका. तो निवांत चालताना ते कुठे असते ते आधी लांबून पाहून ठेवा. त्याहून वर, काठीसारखे ताठ आणि टोक भराभर थरथरतेय? तिथेच थांबा. सैल, ऐसपैस, कमरेसकट हलतेय, तर तो मैत्रीला आलाय. पोटाखाली घातलेले शेपूट हलत असेल तर भीती. असा कुत्रा कोपऱ्यात सापडला की चावतो. मिटलेले तोंड, गोठलेली मान आणि डोळ्यांचा दिसणारा पांढरा भाग, हे धोक्याचे इशारेही बघा. शॅकपाशीच गुरगुरतो म्हणजे बहुधा जागा नाहीतर मासळीचे उष्टे राखतोय.

म्हापसेकर७
उजवे-डावेही असते. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी ३० कुत्र्यांवर पाहिले: मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या स्वतःच्या उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. पण हा फरक कॅमेऱ्याने मोजलेला. वाळूत उभ्या माणसाने त्यावर विसंबू नये.

गावठीप्रेमी
बरोबर. गुरगुरला तर पळू नका, डोळ्यांत बघू नका. अंग तिरके करून सावकाश मागे सरा. आणि गुरगुरण्यावर ओरडू नका. तो इशारा द्यायचा बंद झाला की थेट दात लागतात. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा, त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

वाटसरू_पेडणे
शॅकवाल्या कुत्र्याचे शेपूट ताठच असते. आता पाण्याच्या कडेने जाईन. घरचा लॅब्रेडॉर मात्र समुद्रात पोहून आला की शेपूट लोंबते ठेवतो, हलवतच नाही. घाबरला असेल?

म्हापसेकर७
बुडाशी दोनतीन इंच आडवे आणि पुढे लुळे असेल तर भीती नव्हे, अतिपोहण्याने स्नायू दुखावलेत. पोहणे बंद, विश्रांती. बहुतेकदा काही दिवसांत उतरते. आपली आयबुप्रोफेन (दुखण्यावरची गोळी) देऊ नका, कुत्र्याला ती विषारी. हात लावताच केकाटला तर पशुवैद्याला दाखवा, कधी हाडही मोडलेले निघते.