नागाळा पार्कातला जुना डांबरी ड्राइव्ह-वे: थर उखडावा की त्यावरच नवा टाकावा?

मृद्गंध

नमस्कार. आमचे घर कोल्हापुरात नागाळा पार्कच्या सखल भागात आहे. गेटपासून पोर्चपर्यंत चाळीस फूट लांब आणि बारा फूट रुंद असा डांबरी ड्राइव्ह-वे सासऱ्यांनी करून घेतला होता, तो आता अगदी थकला आहे. दुपारभर पश्चिमेचे ऊन लागल्यामुळे डांबर करडे पडले आहे, झाडू मारला की बारीक खडी सुटून येते, गाडीची चाके जातात त्या दोन पट्ट्यांत जाळीसारख्या भेगा पडल्या आहेत आणि पोर्चच्या पायरीशी पावसाचे पाणी साचते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत यावर पाणी उभे होते.

दोन ठेकेदारांना जागा दाखवली. एकाचे म्हणणे असे की झाडून-पुसून वरून एक थर टाकला की काम झाले. दुसऱ्याचे म्हणणे असे की ब्रेकर लावून सगळे खणून काढल्याशिवाय पुढे बोलायचेच नाही. दोघांच्या खर्चात मोठी तफावत आहे. जुना थर खरोखर काढावा लागेल का, लागला तर तो कशाने आणि केव्हा काढावा आणि निघालेल्या मालाचे काय करावे, याबद्दल ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे. वळीव सुरू होण्याआधी काम उरकावे, अशी इच्छा आहे.

सेवानिवृत्त_उपअभियंता

ताई, आपल्या वर्णनावरून दोन्ही ठेकेदारांनी जागा न उकरताच मत दिलेले दिसते. आपण सांगितलेली लक्षणे एकाच दुखण्याची नाहीत, म्हणून ती आधी वेगळी करून पाहावी लागतील. वरचे डांबर करडे पडणे आणि खडी सुटणे हा उन्हाचा आणि हवेचा परिणाम असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेत डांबराचे ऑक्सिडीकरण होते, ते कडक आणि ठिसूळ बनते आणि खडीला धरून ठेवण्याची त्याची ताकद जाते. दोष एवढाच असता तर पृष्ठभाग स्वच्छ करून वरून थर टाकण्याचा सल्ला मीही दिला असता. परंतु चाकांच्या पट्ट्यांतल्या जाळीदार भेगा वेगळी गोष्ट सांगतात. गाडीच्या वजनाखाली खालचा पाया दबतो, वरचा थर पुन्हा पुन्हा वाकतो आणि शेवटी तुटतो. अशा जागी वरून कितीही चांगला थर टाकला तरी खालच्या भेगा काही काळाने त्याच नक्षीत वर उमटतात.

तेव्हा जिथे भेगा सर्वांत जास्त आहेत तिथे एक आणि जिथे पृष्ठभाग बरा दिसतो तिथे एक, असे फूटभर लांबी-रुंदीचे दोन खड्डे घ्यावेत. डांबर संपले म्हणून थांबू नये. खालची खडी आणि तिच्याखालची मूळ माती दिसेपर्यंत खाली जावे. डांबराच्या थराची जाडी किती आहे, खडीच्या फटींत माती शिरली आहे का, माती काळी आहे की मुरूम आहे आणि ती ओली आहे का, एवढे पाहून इथे लिहावे. मातीत थोडे पाणी घालून ती तळहातावर वळावी. आगपेटीच्या काडीइतकी बारीक वळी न तुटता होत असेल तर ती माती चिकण आहे आणि पाण्याने फुगणारी आहे, असे धरून चालावे.

आणखी एक गोष्ट पातळीची. वरून ४० मिलिमीटरचा थर टाकला की रस्ता तेवढा उंचावतो, परंतु पोर्चची पायरी आणि गेटची खालची कड जागच्या जागीच राहतात. आपल्याकडे आत्ताच पायरीशी पाणी साचते आहे, म्हणजे उतार घराकडे आहे. तो उलटा करून रस्त्याकडच्या गटाराकडे न्यायचा असेल तर निदान पोर्चजवळचा भाग तरी खणावाच लागेल.

करवीरनिवासी

माझे मत थोडे वेगळे आहे. पुराचे पाणी येणारी जागा असेल तर डांबराच्या मागे लागूच नये. पेव्हर ब्लॉक बसवावेत. खचले तर काढून पुन्हा बसवता येतात.

मृद्गंध

दोन्ही खड्डे घेतले. भेगांच्या पट्ट्यात डांबराचा थर जेमतेम दोन इंच आहे, त्याखाली सोलिंगची, म्हणजे पायात दाबून बसवलेल्या दगडांची, खडी सहा इंच आहे आणि तिच्या फटी काळ्या मातीने भरलेल्या आहेत. त्याखाली काळी माती लागली, तिची वळी अगदी बारीक होते आणि भर एप्रिलमध्येही ती दमट आहे. पोर्चपासून दूर, गेटजवळच्या बऱ्या भागात मात्र सोलिंगखाली तांबूस मुरूम आहे आणि तिथली खडी कोरडी व घट्ट बसलेली आहे.

सेवानिवृत्त_उपअभियंता

मग उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट झाले. गेटजवळचा भाग मुरमावर आहे, तिथे फक्त डांबराचा थर काढावा आणि खालच्या सोलिंगला हात लावू नये. वर्षानुवर्षे दबून बसलेला पाया नव्याने करून तितका घट्ट होणे अवघड असते. पोर्चकडच्या भागात काळी माती सोलिंगमध्ये वर चढली आहे, तिथे सोलिंगसकट निदान फूटभर माती काढावी लागेल. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे वरचा रस्ता वर्षातून दोनदा हलत राहतो.

पेव्हर ब्लॉकचा पर्याय वाईट नाही, परंतु त्यालाही हाच पाया लागतो. काळ्या मातीवर थेट चुरी पसरून बसवलेले ब्लॉक चाकांच्या पट्ट्यांत तितक्याच निश्चितपणे खचतात. वर डांबर असो की ब्लॉक असो, खालची दुरुस्ती सारखीच आहे.

खडीक्रशर

ताई, सरांनी काय काढायचे ते सांगितले, मी कसे काढायचे ते सांगतो. लहान-मोठी डांबरीकरणाची कामे हा आमचा घरचा धंदा आहे.

पहिली गोष्ट वेळेची. उन्हाळ्यात जुने डांबर उखडायचे असेल तर पहाटे सहाला सुरुवात करून अकराच्या आत हे काम थांबवावे. सकाळी थर गार आणि ठिसूळ असतो, पहार खाली घालून उचलला की त्याचे मोठे तुकडे सुटून येतात आणि खालची खडी जागेवर राहते. दुपारी भर उन्हात डांबरी पृष्ठभागाचे तापमान साठ अंशांच्या वर जाते. रस्त्यासाठी नेहमी वापरतात त्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुकरण बिंदू, म्हणजे ते मऊ पडू लागते ते तापमान, किमान ४७ अंश असतो. जुने डांबर त्याहून कडक झालेले असले तरी एवढ्या तापात तेही चिवट होते. मग ते तुटत नाही, ताणले जाते, जेसीबीच्या दातांना चिकटते आणि निघताना खालच्या सोलिंगचे दगड उपटून वर आणते. शिवाय त्या उन्हात, तापलेल्या काळ्या जमिनीवर वाकून माणसांनी काम करणे धोक्याचे असते. मजुरांसाठी सावली आणि पाण्याची सोय आपणच आधी ठरवून ठेवावी.

उखडण्याआधी जिथे जुना थर ठेवायचा आहे किंवा फरशीला लागून आहे तिथे डायमंड ब्लेडच्या कटरने सरळ रेष कापून घ्यावी. त्यावर पाणी मारत राहावे, म्हणजे धूळ उडत नाही आणि ब्लेडही टिकते. ही रेष नसेल तर जेसीबीने थर उचलताना कड वेडीवाकडी फाटते आणि नव्या-जुन्याचा सांधा तिथेच पहिल्यांदा उघडतो. दोन इंचांच्या थराला ब्रेकरची मुळीच गरज नाही. जेसीबीच्या बकेटने तो निघतो, आणि कंपाउंडची भिंत, जोते व पोर्चचे खांब यांच्यापासून दीड-दोन फुटांचा पट्टा मजुरांकडून पहार-टिकावाने काढून घ्यावा. पाण्याची लाइन, ड्रेनेज आणि मीटरपासून येणारी केबल कुठून गेली आहे ते आधी चुन्याने आखून घ्यावे. घरगुती लाइन कित्येकदा फूटभर खोलीवरच असते.

डांबर मऊ करण्यासाठी त्यावर डिझेल किंवा रॉकेल ओतणारे लोक मी पाहिले आहेत. ते कृपया कोणालाही करू देऊ नका. डिझेल डांबराला विरघळवते, खालच्या खडीत मुरते आणि नवा थरही त्या जागी मऊ पडतो. गाडी उभी राहते तिथे ऑइल ठिबकून काळे डाग पडले असतील तर तेवढा भागही पूर्ण काढावा, कारण त्यावर नवे डांबर धरत नाही.

मृद्गंध

निघालेल्या मालाचा प्रश्न राहिला. ठेकेदार म्हणतो की नदीकाठच्या एखाद्या खड्ड्यात टाकून येतो. मला ते पटत नाही.

खडीक्रशर

आपल्याला पटत नाही ते योग्यच आहे. बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार अशा प्रकारे रस्त्याकडेला, नाल्यात किंवा उघड्यावर राडारोडा टाकण्यास मनाई आहे, आणि पंचगंगेच्या काठावर तर तो पुराच्या पाण्याला आडवा येतो. शिवाय हा माल टाकण्यासारखा नाही. आपल्या मापाचा हिशेब केला तर ४८० चौरस फुटांवर दोन इंच म्हणजे ८० घनफूट, वजनाने सुमारे पाच टन. उखडल्यावर तो फुगून सव्वा ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास होईल, म्हणजे साधारण एका ट्रॉलीपेक्षा थोडा जास्त. त्याचे मुठीएवढे तुकडे करून घेतले तर आवारातल्या मागच्या वाटेवर किंवा दुचाकी लावण्याच्या जागेवर पसरून रोलर फिरवता येतो. हे काम मात्र भर दुपारी करावे, कारण उन्हाने जुने डांबर मऊ झालेले असते आणि तुकडे एकमेकांना चिकटून बसतात. काळी माती लागलेले तुकडे यासाठी वापरू नयेत, ते वेगळे ठेवून महापालिकेने नेमून दिलेल्या जागी द्यावेत.

सेवानिवृत्त_उपअभियंता

आता पाया आणि नवा थर याबद्दल. काळी माती काढल्यावर तळ रोलरने दाबून घ्यावा, त्यावर जिओटेक्स्टाइलचे (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे) कापड अंथरावे, म्हणजे चिखल पुन्हा वर चढणार नाही, आणि मग मुरूम भरावा. मुरूम एकदम भरून वरून एकच रोलर मारणे हा सर्रास होणारा प्रकार आहे. तसे न करता सहा इंचांपेक्षा कमी जाडीचे थर, प्रत्येक थरावर बेताचे पाणी आणि प्रत्येक थरावर रोलर, असे करावे. उन्हाळ्यात मुरमातले पाणी पाहता पाहता उडून जाते आणि कोरडा मुरूम दाबला तरी बसत नाही, म्हणून पाणी मारणे आणि रोलर फिरवणे यांत वेळ जाऊ देऊ नये. त्यावर चार ते सहा इंच वेटमिक्स (पाणी घालून कालवलेली लहान-मोठी खडी) घालून मगच डांबरी थराकडे वळावे. उतार दर मीटरला निदान दोन सेंटिमीटर ठेवावा, तो गटाराकडेच आहे हे दोरी आणि लेव्हल लावून आपण स्वतः पाहावे, आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटची कड घ्यावी, नाहीतर डांबराच्या कडा चाकाखाली ढासळतात.

वेटमिक्सवर प्राइम कोट (खडीत मुरणारे पातळ डांबर) आणि जुन्या डांबराच्या सांध्याला टॅक कोट (नवा थर चिकटवणारा डांबराचा पातळ लेप) मारावा. टॅक कोटचे इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले डांबर, आधी तपकिरी दिसते आणि पाणी उडाले की काळे होते. ते काळे होण्याआधी वर माल टाकू देऊ नये. वरचा थर बिटुमिनस काँक्रीटचा (खडी आणि डांबराच्या दाट मिश्रणाचा), दबल्यानंतर ४० मिलिमीटर असावा. करारात ‘दबल्यानंतरची जाडी’ हे शब्द आवर्जून लिहून घ्यावेत, कारण सैल अवस्थेत मोजलेली जाडी रोलरखाली बरीच उतरते.

माल हॉटमिक्स प्लांटचाच, म्हणजे खडी आणि डांबर यंत्राने तापवून मिसळणाऱ्या कारखान्याचाच, घ्यावा. आपल्याला लागणारा माल चार-साडेचार टनच भरतो, त्यासाठी प्लांटवाले स्वतंत्र गाडी सहसा देत नाहीत. जवळपास दुसरे काम चालू असेल तर त्याच फेरीत माल घेता येईल का, हे ठेकेदाराला विचारावे. व्हीजी-३० असेल तर माल पसरताना त्याचे तापमान १४० अंशांच्या खाली नसावे आणि रोलरचे काम ९० अंशांपर्यंत उतरण्याआधी संपावे. थर्मामीटर नसला तरी डोळ्यांनी बरेच कळते: चांगला माल काळा, चकचकीत आणि मोकळा दिसतो, त्यातून निळसर धूर निघत असेल तर तो जास्त तापला आहे, आणि तपकिरी, निस्तेज दिसत असेल तर डांबर जळाले आहे. जागेवर पिंपात लाकडे जाळून डांबर तापवणाऱ्यांकडे हा दोष हमखास आढळतो.

मृद्गंध

वळिवाबद्दल एक शंका आहे. पाया उघडा असताना सर आली तर काय करावे?

खडीक्रशर

म्हणूनच सगळे एकदम उखडू नये. गेटजवळचा मुरमावरचा भाग दोन-चार दिवस उघडा राहिला तरी फारसे बिघडत नाही. पोर्चकडची काळी माती मात्र ज्या दिवशी सकाळी काढाल त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पहिला मुरूम भरून दाबलेला असला पाहिजे, म्हणून मुरमाची ट्रॉली आवारात येऊन पडल्याशिवाय तिथे टिकाव मारू देऊ नका. आपल्याकडे वळीव बहुधा दुपारनंतर येतो, त्यामुळे ताडपत्री आणि पाणी वाहून नेणारी एक चर तयार ठेवावी. पाणी भरलेच तर तो चिखल पूर्ण काढून टाकावा आणि मगच मुरूम घालावा.

काम झाल्यावर निदान दोन दिवस गाडी आत घेऊ नये, उन्हाळ्यात थर लवकर गार होत नाही. पहिले काही आठवडे उभ्या गाडीचे स्टिअरिंग जागेवर फिरवू नये, आणि दुचाकीच्या साइड स्टँडखाली लाकडाची फळी ठेवावी. मेच्या उन्हात स्टँड नव्या डांबरात सरळ रुतून बसतो.