मदत हवी आहे: आईच्या हाडातली पोकळी भरायला इंजेक्शनची पेस्ट की कमरेचं हाड?

नमस्कार मंडळी, ठाण्यात चरईला राहते. आई (वय ६४) जिन्यात पडली आणि गुडघ्याच्या लगेच खालचं हाड मोडलं, टिबियल प्लॅटू फ्रॅक्चर. सीटी स्कॅनवर डॉक्टरांनी पेनाने दाखवलं, सांध्याचा सपाट भाग बाहेरच्या बाजूला चक्क आत खचलाय. ते म्हणाले तो तुकडा खालून ढकलून वर आणू आणि प्लेट-स्क्रू लावू, पण तुकडा वर आला की त्याच्याखाली पोकळी राहते, ती भरली नाही तर तो परत खाली बसू शकतो.

भरायचं कशाने, हे आम्हाला विचारलंय. आईच्याच कमरेच्या हाडातून थोडं हाड काढायचं, नाहीतर सिरिंजने पेस्ट सोडायची, ती टूथपेस्टसारखी आत पसरते आणि तिथेच घट्ट होते. माहितीपत्रकात कॅल्शियम सल्फेट आणि हायड्रॉक्सीॲपेटाइटचं (हाडात मुळातच असतं त्या कॅल्शियमच्या खनिजाचं) कंपोझिट, म्हणजे मिश्रण, असं लिहिलंय.

मी जमेल तेवढं वाचलं. कॅल्शियम सल्फेट म्हणजे आपलं प्लास्टर ऑफ पॅरिसच, १८९२ मध्ये जर्मनीत ते हाडातल्या पोकळीत भरलं होतं! ते एकटं वापरलं तर काही आठवड्यांतच विरघळायला लागतं, नवं हाड तेवढ्यात तयार झालेलं नसतं. हायड्रॉक्सीॲपेटाइट उलट, फार हळू जातं. म्हणून दोन्ही एकत्र, एक विरघळून जागा करून देतं आणि दुसरं टिकून राहतं, त्याच्या आधाराने हाड वाढतं. हे मला पटलं.

पण शेजारचे काका म्हणतात सिमेंट आत गरम होतं आणि हाड भाजतं, ते ऐकल्यापासून आई घाबरलीय. तिचं हाड आधीच ठिसूळ, शुगर पण आहे, त्यात कमरेला दुसरी जखम नको असं मला वाटतं. भाऊ म्हणतो स्वतःचं हाड ते स्वतःचं, उगाच बाहेरचं कशाला, शिवाय पेस्टचा खर्च मेडिक्लेममध्ये बसेल की नाही अजून कळलेलं नाही. प्लीज कोणाला अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद: ताई, मी हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतो. काका म्हणतायत ते पीएमएमए सिमेंट, सांधे बदलताना वापरतात ते, ते खरंच बरंच गरम होतं आणि विरघळत नाही. तुमची पेस्ट वेगळी, त्यात तेवढी उष्णता नसते. भावाचंही चूक नाही, स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, त्या पेस्टमध्ये नसतात. पण कमरेची जागा कधीकधी महिनोन्‌महिने दुखते, आणि ठिसूळ हाड असलं की तिथून चांगला माल मिळेलच असं नाही. कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट (तुमच्या पेस्टचं चुलत भावंड म्हणा) आणि कमरेचं हाड यांची तुलना याच फ्रॅक्चरवर झालीय, २००८ चा अभ्यास आहे, त्यात सिमेंट भरलेल्यांचा सांधा कमी खचला. मात्र पेस्ट दाब सहन करते, वाकवलं किंवा पिळलं की तुटते, म्हणून प्लेट लागतेच. भरताना सांध्यात गळत नाही ना हे एक्स-रेवर बघतात. आणि सल्फेटवाल्या पेस्टमध्ये नंतर कधीकधी जखमेतून पांढरट पाणी येतं, ते दरवेळी इन्फेक्शन नसतं, पण शुगर आहे तर आलं की लगेच डॉक्टरांना दाखवा, घरी थांबू नका.

खूप खूप आभार दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, भाजण्याची भीती तरी गेली तिची. ठिसूळ हाडाचा मुद्दा भावालाही पटला, आता आम्ही पेस्टकडेच झुकलोय. उद्या डॉक्टरांना विचारणार आहे की गळू नये म्हणून काय काळजी घेणार आणि शुगर किती खाली आल्यावर ऑपरेशन करणार. अजून एक, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय त्यांनी सांगा, पायावर वजन द्यायला कधी परवानगी मिळाली आणि तोवर जिन्याचं काय केलंत? खाली कुठे भाड्याने खोली बघायची का, ते ठरवायचंय.