सल्ला हवा: दहा बाय बाराच्या खोलीत खऱ्या रेल्वेसारखे कामकाज चालेल अशी मॉडेल रेल्वे कशी आखावी?

माणदेशी_आगगाडी (सांगली):
नमस्कार. माझ्याकडे एचओ प्रमाणाचा, म्हणजे १:८७ चा, एक संच आहे. त्यात लंबगोल मार्ग, एक डिझेल इंजिन, चार प्रवासी डबे आणि सहा वाघिणी आहेत. गाडी फिरू लागली की नातू पंधरा मिनिटे रमतो आणि मग विचारतो, "आजी, ही गाडी जाते कुठे?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. माझे वडील मिरज–पंढरपूर नॅरोगेजवर (अरुंद रुळांच्या मार्गावर) स्टेशनमास्तर होते, त्यामुळे लाइन क्लिअर, क्रॉसिंग (समोरून येणाऱ्या गाडीला वाट देणे), शंटिंग (डब्यांची जुळवाजुळव) हे शब्द कानावर पडतच मी मोठी झाले. वरच्या मजल्यावरची दहा बाय बारा फुटांची खोली आता मोकळी झाली आहे. तिथे गाडी नुसती फिरण्याऐवजी कामाला निघावी, असा आराखडा हवा आहे. सुरुवात कोठून करावी?

कोरेगावकर:
ताई, नातवाच्या प्रश्नातच आराखड्याची सुरुवात आहे. रूळ काढायला घेण्यापूर्वी एका कागदावर दिवसभराची वाहतूक लिहून काढा: कोणती गाडी कोठून येते, आपल्या स्टेशनात काय करते, कोणासाठी थांबते आणि कोठे निघून जाते. बहुतेक जण आधी रूळ बसवतात आणि मग त्यांना काम शोधतात. मीही पहिल्या वेळी तेच केले आणि वर्षभराने सगळे उखडले.

खोलीत जे दिसत नाही, म्हणजे पुणे, पंढरपूर किंवा सारे उरलेले जग, त्यासाठी पडद्यामागे तीन-चार समांतर रुळांचे स्टेजिंग यार्ड ठेवावे लागते. गाडी तिथून येते आणि तिथेच परत जाते. इतकी जागा न दिसणाऱ्या रुळांना देणे जिवावर येते, हे मला ठाऊक आहे, परंतु ती दिली नाही तर गाडी पुन्हा स्वतःच्याच शेपटीमागे धावू लागते.

दुसरी गोष्ट लूपच्या, म्हणजे समोरची गाडी जाईपर्यंत उभे राहण्याच्या बाजूच्या रुळाच्या, लांबीची. जुन्या पद्धतीचा आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) प्रवासी डबा सुमारे २२.३ मीटर लांब असतो, म्हणजे एचओमध्ये साधारण २५.६ सेंटीमीटर, डिझेल इंजिन २० सेंटीमीटरच्या आसपास. पाच डब्यांची गाडी १४८ सेंटीमीटर होते आणि दोन्ही टोकांचे सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागा) व उभे राहण्याची मोकळी जागा धरली तर एकट्या लूपला सव्वादोन मीटर लागतात. आपली लांब भिंत ३६६ सेंटीमीटरची आहे. त्यातच वळणाची त्रिज्या ६० सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवली तर लांब डबे वळणावर फार बाहेर झुकतात. म्हणून तीन डब्यांवर समाधान माना आणि लूप त्या मापाने आखा. क्रॉसिंगला आलेली गाडी लूपमध्ये पूर्ण मावलीच पाहिजे, याबाबत तडजोड करू नका.

मिरज_यार्ड:
वरील हिशेब बरोबर आहे, पण माझा सल्ला वेगळा आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. १:८७ ने ते १९.३ होते, तर एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे भारतीय ब्रॉडगेज गाडी त्यावर नेहमीच अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते. याउलट आपल्या वडिलांचा मार्ग ज्या बार्शी लाइट रेल्वेचा, तिचे अंतर ७६२ मिलिमीटर होते. त्याला ८७ ने भागा: ८.७६. एचओई नावाने मिळणारा नॅरोगेज रूळ ९ मिलिमीटरचा आहे, म्हणजे फरक पाव मिलिमीटरचा. आपल्या वडिलांची रेल्वे या खोलीत जवळजवळ अचूक मापाने उभी राहू शकते.

ही रेल्वे १८९७ मध्ये बार्शीला सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. तिचे डबे लहान, गाड्या आखूड. मॉडेलमध्ये वळण २५ ते ३० सेंटीमीटर त्रिज्येचे चालते, त्यामुळे तीच खोली एकदम ऐसपैस होते. भारतीय नॅरोगेजची तयार इंजिने शोधत बसू नका; एन प्रमाणाच्या (एचओहून लहान, पण रूळ तोच ९ मिलिमीटरचा) इंजिनाचा सांगाडा घेऊन वर पत्र्याचे किंवा स्टायरीन प्लास्टिकचे अंग बसवणे हाच रूढ मार्ग आहे. रूळ मात्र एन प्रमाणाचा घेऊ नका, त्याचे स्लीपर फार लहान आणि दाट असतात. पेको कंपनीचा नॅरोगेजसाठीचा रूळ घ्या.

आपला जुना संचही वाया जात नाही. मिरजेत रुंद आणि अरुंद रुळांवरील गाड्यांमध्ये माल हातांनी हलवावा लागे. एका लांब फलाटाच्या एका बाजूला आपल्या सहा एचओ वाघिणी आणि दुसऱ्या बाजूला नॅरोगेजच्या वाघिणी उभ्या करा. आता प्रत्येक वाघिणीला तिथे येण्याचे कारण आहे. प्रत्येकीसाठी एक पुठ्ठ्याचा खिसा करा आणि त्यात बिल्टी (मालाची चिठ्ठी) ठेवा: "गुळाच्या ढेपा, कवठेमहांकाळ ते मिरज", मागील बाजूस "रिकामी, परत कवठेमहांकाळ". फेरी पूर्ण झाली की बिल्टी उलटायची. गाडीची जुळणी रोज आपोआप बदलते आणि शंटिंग खरे होते.

एक सूचना विसरू नका. मधल्या स्टेशनात दोन सायडिंग (वाघिणी उभ्या करण्याचे, एका टोकाला बंद असलेले रूळ) असतील तर त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना ठेवा. एकीत वाघीण सरळ ढकलता येते. दुसरीसाठी इंजिनाला लूपमधून वळसा घालून गाडीच्या दुसऱ्या टोकाला यावे लागते. खरा विचार तिथेच करावा लागतो.

माणदेशी_आगगाडी:
मिरज_यार्ड, ८.७६ हा आकडा मी तीनदा करून पाहिला. इतके जवळचे माप निघेल असे वाटले नव्हते. दोन शंका आहेत. एवढे सगळे एकदम जमेल का? आणि दोन माणसांनी चालवताना गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून काय करतात?

कराड_वायरिंग:
एकदम करू नका. पहिली फळी १२० बाय ३० सेंटीमीटरची करा आणि तिच्यावर ॲलन राइट यांचे प्रसिद्ध इंगलनूक हे शंटिंगचे कोडे बसवा: तीन सायडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. आठ वाघिणींपैकी चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे ६७२० क्रम होतात. हीच फळी पुढे आपल्या मालधक्क्याचा भाग होईल.

यार्डात ताशी १५ किलोमीटर वेग धरला तर १:८७ मध्ये गाडी सेकंदाला पाच सेंटीमीटरपेक्षाही कमी सरकते. तीन मीटरच्या स्टेशनाला एक मिनिट लागते. इतक्या सावकाश चालताना लहान नॅरोगेज इंजिन प्लास्टिकच्या फ्रॉगवर (सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात त्या भागावर) हमखास थांबते, म्हणून विद्युतप्रवाह मिळणारा धातूचा फ्रॉग असलेलेच सांधे घ्या. दोन इंजिने स्वतंत्र चालवायची असतील तर डीसीसी पद्धत (रुळांतून प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश देणारी) सोयीची, पण एका इंजिनापुरते साधे १२ व्होल्टचे नियंत्रक पुरे.

समोरासमोर येण्याबद्दल: आपल्याकडील अनेक एकेरी मार्गांवर नील्स बॉल टोकन यंत्रे होती. दोन स्टेशनांची यंत्रे विजेने एकमेकांशी जोडलेली असत आणि एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. तो हाती असल्याशिवाय चालकाला पुढे जाता येत नसे. आपण दोन स्टेशनांमध्ये एकच काचेची गोटी, लहान पिशवीत घालून ठेवा. पिशवी ज्याच्या हातात, त्याचीच गाडी निघेल. नातवाला हा नियम एकदा सांगितला की पुन्हा सांगावा लागणार नाही.

फळ्या सुट्या, बोल्टने जोडलेल्या करा. पावसाळ्यात प्लायवूड दमट होते, म्हणून दोन्ही बाजूंनी वॉर्निश द्या आणि रुळांच्या काही जोडांत बारीक फट सोडा.

माणदेशी_आगगाडी:
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. असे ठरवले आहे: मिरजेचा मालधक्का लांब भिंतीवर, आरग हे क्रॉसिंगचे स्टेशन, कवठेमहांकाळला विरुद्ध तोंडांची दोन सायडिंग आणि पडद्यामागच्या यार्डाला पंढरपूरची पाटी. रविवारी वर्तमानपत्राच्या पट्ट्या जमिनीवर अंथरून मापे घेणार आहोत. एकच अडचण उरली: खोलीचे दार आत उघडते आणि पंढरपूरचे यार्ड नेमके त्याच्या मागे येते.

कोरेगावकर:
बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडेल असे करून घ्या. सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. दारातून रूळ नेणारा उचलता पूल करण्याच्या भानगडीत पडू नका, तो हलला की तिथले रूळ जुळत नाहीत. आणि यार्ड भिंतीपासून ७५ सेंटीमीटरच्या आतच ठेवा, नाहीतर मागच्या रुळावर घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोहोचणार नाही.