माथेरानचं तट्टू आणि ऐंशी किलोचा स्वार: वीस टक्क्यांचा हिशोब आपल्या हवेत टिकतो का?

टापांचा आवाज
पावसाळा सरला की मुंबईकरांची माथेरानवारी सुरू होते आणि घोडे मिळतात त्या दस्तुरी नाक्यावर दर शनिवारी तोच सवाल-जवाब होतो. "मी झेपेन का याला?" "शंभर किलोवाले पण नेतो साहेब." या उत्तरावर विश्वास ठेवून मांड ठोकणं मला पटत नाही. घोड्याचं वजन टेपने काढता येतं, आणि स्वार अधिक खोगीर-सामान मिळून त्याच्या वीस टक्क्यांच्या आत असावं, हा नेहमीचा हिशोब.

तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथे, पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीचा घेर घ्या. घोड्याने श्वास सोडल्यावर. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. (शिंप्याची टेप दीडशेला संपते, सुतळीवर खूण करून मग मोजा.) घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 152, लांबी 135 आली तर सुमारे 262 किलो. वीस टक्के म्हणजे 52. त्यातून खोगीर, त्याखालचा नमदा, रिकिबी मिळून 7 किलो वजा. उरले 45. म्हणजे अशा तट्टावर सातवी-आठवीतलं पोर बसावं, त्याच्या बापाने चालावं.

नालबंद भायखळा
झाली आकड्यांची खोगीरभरती सुरू! हा वीस टक्क्यांचा मंत्र ज्या अभ्यासामुळे गाजला तो 2008 चा, ओहायोतला. घोडे किती? आठ. 15, 20, 25 आणि 30 टक्के भार देऊन पाहिलं. 25 आणि 30 ला हृदयाचे ठोके जास्त वाढले, नंतर पाठीचे स्नायू जास्त दुखरे आणि ताठ झाले. अभ्यास चांगला आहे, पण आठ घोड्यांवरून साऱ्या अश्वजातीला कायदा लावता येत नाही. आइसलँडच्या बुटक्या घोड्यांवरही 20 ते 35 टक्के भाराचा प्रयोग झाला. रक्तात लॅक्टेट (स्नायूंवर ताण वाढल्याची खूण) साचू लागण्याची पातळी सरासरी 22.7 टक्क्यांना आली, पण घोड्याघोड्यात फरक मोठा होता.

मी आधी नडगी बघतो. गुडघ्याखालचं हाड जाड, पाठ आखूड, कंबर रुंद, तर ते जनावर त्याच वजनाच्या लांब पाठीच्या, काटकुळ्या घोड्यापेक्षा जास्त पेलतं. मराठा फौजांची भीमथडीची तट्टं काही टक्केवारी विचारून उत्तरेत गेली नव्हती.

टापांचा आवाज
गेली, पण त्यातली किती पाठीला जखमा होऊन वाटेत पडली याची बखर कुणी लिहिली नाही. आणि तो स्वार दिवसभर घोड्यावर राहणारा, अंगाने हलका गडी होता. नडगीचं मान्य, पण तिने वीसचे बावीस होतील, तीस नाही.

शिवाय टक्केवारी कशाची? जनावर रोड असेल, फासळ्या दिसत असतील, तर आहे त्या वजनापेक्षाही कमी धरा, कारण आधी स्नायूच गेलेले असतात. लठ्ठ असेल तर चरबीमुळे आकडा फुगतो आणि तो तर स्वाराआधीच एक ओझं घेऊन चाललाय. फासळ्या दिसू नयेत पण बोटांना सहज लागाव्यात, ते वजन हिशोबाला खरं.

मांड पक्की
दोघेही वजनकाट्यावर अडकलात. ओझं कसं बसतं ते बघा. दुडकीत नुसतं बसून राहिलं तर खोगिरावरचा दाब क्षणाक्षणाला स्वाराच्या वजनाच्या दुपटीवर जातो. तालात उठत-बसत गेलं तर कमी. पर्यटक काय करतो? रिकिबीत पाय ताठ, लगामाला लोंबकळलेला, फोटोसाठी एका बाजूला कललेला. साठ किलोचा असा माणूस पंचाहत्तर किलोच्या शिकलेल्या स्वारापेक्षा जास्त नुकसान करतो.

चढतानाही तेच. जमिनीवरून डाव्या रिकिबीत लटकून चढलं की खोगीर पिळलं जातं आणि मणके एका बाजूला ओढले जातात. कठडा, पायरी, काहीही घ्या, पण उंचीवरून बसा.

आणि कुणी महालक्ष्मीचा दाखला देण्याआधीच सांगतो: रेसच्या घोड्यावर जॉकी साधारण 50 ते 60 किलोचा आणि घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा. ते बारा टक्के वेगासाठी आहेत, पाठीच्या सोयीसाठी ठरवलेले नाहीत. तो आकडा इथे लावू नका.

कलम काढा
तुमच्या वादात कायदा कुणी वाचलाय का? ओझ्याच्या जनावरांचे 1965 चे केंद्रीय नियम आहेत. तट्टूला 70 किलो, खेचराला 200, गाढवाला 50. विषय संपला.

नालबंद भायखळा
संपला कसा? ती मर्यादा पाठीवरच्या ओझ्याची. स्वार म्हणजे ओझं का, यावर वकिलांना भांडू द्या. पण आकडा घ्यायचाच तर मूळ पोस्टीतल्या 262 किलोच्या तट्टाला 70 म्हणजे जवळजवळ 27 टक्के. म्हणजे तुमचा कायदा माझ्याही बाजूला नाही आणि त्यांच्याही.

टापांचा आवाज
त्याच नियमांत आणखी गंमत आहे. दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 च्या वर जातो तिथे दुपारी 12 ते 3 काम बंद. आता जुहूच्या वाळूवर पारा 37 पार करतो मोजक्याच दिवशी. मग मे महिन्यात 33 अंश आणि दमट हवा म्हणजे घोड्याला थंडगार का? घोडा मुख्यतः घाम वाळवून गार होतो. हवेतच पाणी असेल तर घाम नुसता ओघळतो.

घोडेवाल्या मंडळींचा सोपा हिशोब आहे: तापमान फॅरनहाइटमध्ये अधिक आर्द्रतेचे टक्के. बेरीज 130 च्या आत असेल तर निर्धास्त, 150 च्या पुढे काम कमी, 180 ला बंद. 33 अंश म्हणजे 91, आर्द्रता 75, बेरीज 166. अशा दिवशी मी वीस टक्क्यांचे पंधराच धरेन आणि फेऱ्याही निम्म्या.

नालबंद भायखळा
हवेचं बोललात ते एकदम मान्य. पण मग टक्केवारी सोडा आणि घोड्यालाच विचारा. जबड्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने बोट फिरवलं की दोरीसारखी शीर लागते. 15 सेकंद नाडीचे ठोके मोजा, चारने गुणा. विश्रांतीत 28 ते 44. फेरी संपून सावलीत 10 मिनिटं झाली की 60-64 च्या खाली यायलाच हवी. नाही आली तर पुढचा गिऱ्हाईक हलका, किंवा आज पुरे. घोडेवाल्याला हे पाच मिनिटांत शिकवता येतं. त्याच्या पोटावर पाय देऊन काय साधणार?

मांड पक्की
नाडी दम सांगते, पाठ सांगत नाही. खोगीर काढल्यावर घाम बघा. चहूकडे ओलं आणि मध्येच कोरडा ठिपका म्हणजे तिथे खोगीर सतत दाबतंय, स्वार कितीही हलका असो. दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला जुंपण्याआधी, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत मागे जा. कातडी थरथरणं ठीक. पाठ खाली घालून चुकवणं, कान मागे टाकणं, शेपटी झटकणं म्हणजे सुट्टी. जुन्या पांढऱ्या केसांचे डाग तर कालचा नाही, गेल्या कित्येक महिन्यांचा हिशोब सांगतात.

उतार विसरू नका. सपाटीवरही घोड्याचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उतरताना तो आणखी पुढे सरकतो. दस्तुरीकडे परतताना जड माणसाने उतरून चालावं.

नालबंद भायखळा
आणि झिजलेले नाल घालून पेव्हर ब्लॉकवर तर कुणीच बसू नये. पन्नास किलोचाही नाही.

शनिवारची सुट्टी
सगळं वाचलं. माझं वजन 92, घोडा मध्यम दिसतो. काय करू?

टापांचा आवाज
92 अधिक 7, म्हणजे 99. वीस टक्क्यांनी घोडा निदान 495 किलोचा हवा. माथेरानच्या घोड्यांच्या रांगेत तसा उभा असलाच तर टेप लावून खात्री करा.

नालबंद भायखळा
या एका बाबतीत भांडण नाही. अमन लॉजहून मिनी ट्रेनची शटल पकडा.